शेवटची नावं

मास्तर टाइप केलेली ओळ तीनदा वाचल्याशिवाय पुढची कळ दाबत नसत. कागदावर उमटलेल्या प्रत्येक अक्षराखाली बोट धरत, ओठ हलवत. संगणकावर आपली पाळी यायची वाट पाहत मागे रांगेत उभी असलेली अमेरिकन पोरं वैतागत. मास्तरांना त्याचं काही नसे. बालाघाटच्या शाळेत बारा वर्षं गणित शिकवून, शिष्यवृत्ती मिळवून ते छत्तिसाव्या वर्षी तिथल्या विद्यापीठात शिकायला आले होते. मी नागपूरचा, त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, पण संगणकात त्यांच्या पुढे. शहात्तर साली आम्ही एका खोलीत राहत होतो.

मी यंत्राला शिव्या घातल्या की ते म्हणत, "त्याले दोष देऊ नये, भाऊ. आधी आपलं पाहावं." भात करपला तरी ते शेगडीला नाही, स्वतःलाच बोल लावत.

शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून त्यांना संगणक केंद्रात एक काम मिळालं होतं. यंत्रावर युनिक्स नावाची प्रणाली चाले. दर शुक्रवारी सगळ्या विद्यार्थ्यांच्या फाइलींची प्रत एकाच टेपवर, आधीचं पुसून, उतरवून ठेवायची. मास्तर सगळी नावं एकाच लांब ओळीत लिहीत. ती ओळ म्हणजे यंत्राला हुकूम; तो वाचून यंत्राकडून काम करवून घेणाऱ्या भागाला शेल म्हणत.

एका शुक्रवारी ते माझ्याकडे आले. "भाऊ, शेवटची नावं टेपवर जाऊन नाही राह्यली. मी तं बरोबर लिहून राह्यलो."

पुढच्या आठवड्यात सगळं नीट उतरलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन नावं गायब. राहिलेल्या फाइली ते हातानं वेगळ्या उतरवत आणि टेप दोन-दोनदा तपासत. मी कंटाळून म्हटलं, "मास्तर, तुमचंच टायपिंग चुकतंय. नीट लिहा, म्हणजे तपासत बसावं लागणार नाही."

त्यांनी ऐकलं. त्या शुक्रवारी ओळ चारदा वाचली, टेप तपासली नाही. सोमवारी सकाळी मूळ फाइली असलेली डिस्क बिघडली. यादीत शेवटी एका कोरियन मुलीचं नाव होतं. तिचं दोन वर्षांचं काम गेलं. ती यंत्राशेजारी जमिनीवर बसून राहिली.

केंद्रप्रमुखांनी माझं मत लेखी मागितलं. टायपिंगची चूक, असं मी लिहून दिलं. मास्तरांनी तो कागद वाचला. "बरोबरच लिहिलं तुम्ही," ते म्हणाले. "माहीच चूक असंन." मास्तरांचं केंद्रातलं काम गेलं, त्याबरोबर फीची सोयही गेली. महिन्याभरात ते बालाघाटला परतले.

ते काम मग माझ्याकडे आलं. दुसऱ्याच महिन्यात माझ्या टेपवरून शेवटची तीन नावं गायब झाली. मी मास्तरांचा त्या शुक्रवारचा कागद काढून पाहिला, ओळ बरोबर होती. दहा दिवस डोकं फोडल्यावर कळलं, ओळ ठरावीक लांबीच्या पुढे गेली की शेल उरलेली नावं गुपचूप टाकून देत होतं, आणि काम पुरं झाल्यासारखं गप्प बसत होतं. नावांची लांबी दर आठवड्याला बदले, म्हणून चूक कधी होई, कधी नाही. आमच्याच केंद्रात कुणीतरी शेलमध्ये फेरफार करताना ही खोट राहून गेली होती. प्रमुखांनी ती एका दुपारी काढली. मास्तरांचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

मास्तरांना पत्र लिहायला चारदा बसलो. मग ठरवलं, भेटूनच सांगू.

पुढच्या हिवाळ्यात बालाघाटला गेलो. दार त्यांच्या वडिलांनी उघडलं. ते कोर्टातून निवृत्त झालेले. मास्तर पावसाळ्यातच काविळीनं गेले होते.

"शाळेनं बोलावलं होतं," वडील म्हणाले. "गेला नाही. म्हणे, पोरायचे पेपर कसे तपासू, माह्या डोळ्यावर माहाच भरोसा नाही राह्यला."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"म्हणजे त्यानं बरोबर लिहिलं होतं?"

"हो."

"मंग हे त्याले सांगतलं होतं का तुम्ही?"

मी नाही म्हटलं.

मग त्यांनी हळूच विचारलं, "काहून नाही सांगतलं?"