कळ्यांवर कात्री

नेने काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमचं दार न वाजवता फाटकाजवळच्या जास्वंदीत डोकं खुपसून उभे होते! आई बाहेर आली तर नमस्कार-बिमस्कार काही नाही. "वहिनी, हिला न्हाव्याकडे देता का हो? नुसती वरून भादरलीय. आतली जुनी फांदी बुडातून काढा, उजेड जाऊ दे पोटात." मग कळलं, हे शेजारच्या घरात आलेले, हावड्याच्या एका कारखान्यातले नवे लेबर ऑफिसर. अख्ख्या गल्लीत मराठी घरं आमची दोनच. आठवड्याभरात घरचेच झाले.

त्यांच्या फाटकाशी कामिनी होती, म्हणजे आपली कुंती. माझ्या डोक्याच्याही वर गेलेली, गच्च! कुठलं झुडूप कुठे लावायचं यावर काका कितीही वेळ बोलत. "खिडकीखाली बसकं लाव, दाराशी वासाचं. आणि फुलं येऊन जायच्या आत कात्री लावलीस तर माझ्याशी गाठ आहे!"

त्या वर्षी कलकत्त्यात खुनांच्या धास्तीनं दिवेलागणीलाच रस्ते ओस पडायचे. काकांच्या कारखान्यात टाळेबंदी झाली आणि एका सकाळी समोरच्या भिंतीवर लाल रंगात काकांचं नाव. फक्त नाव. पुढे काहीच लिहिलं नव्हतं, त्याचीच जास्त भीती वाटली. पलीकडचे घोषबाबू म्हणाले, "नेनेबाबू, ये झाड़ काट दीजिए. कोई अंदर खड़ा रहेगा तो दिखेगा भी नहीं." काकू तर हात जोडायच्या. काका हसायचे. "अगं, कळ्या धरल्यात. आठ दिवस थांब, फुलू दे, मग कापतो."

नंतर एकदा मी शाळेला निघाले तर काका कामिनीपाशी उकिडवे बसलेले. मागच्या बाजूनं फांद्या आत दाबलेल्या, माणूस मावेल एवढी पोकळी. खाली विड्यांची थोटकं. काकांनी एक मोडलेली डहाळी उचलली, पान बोटांनी चाचपलं.

"ताजी आहे. अजून मान टाकली नाही हिनं." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू जा गं शाळेत."

परत आले तर कामिनी गुडघ्याएवढी! कळ्यांसकट! काका घामाघूम, कात्री हातातच.

"काका, फुलं?"

"आता रस्त्यावरून सगळं दिसतं," ते म्हणाले. "मला तो दिसेल, त्याला मी."

कापलेल्या फांद्या काकूंनी बादलीत ठेवल्या होत्या. संध्याकाळी सगळ्या खिडक्या बंद, आणि त्या कोंडलेल्या खोलीत कळ्या उमलल्या. इतका वास, की काकूंना मळमळायला लागलं. पण खिडकी उघडायची कुणाची छाती होईना.

महिन्याच्या आत काका-काकू नागपूरला गेले. धडधाकट गेले, हेच खूप.

यंदा दिवाळीत मामाकडे नागपूरला गेले होते, तेव्हा त्यांच्याकडे डोकावले. केवढं मोठं अंगण! आणि त्यात नुसता चिनी गुलाब, जमिनीला चिकटलेला.

"काका, कुंती नाही लावलीत?"

"लावू की," ते म्हणाले. "लावू." पण नजर फाटकावर.

तेवढ्यात फाटकाशी एक सायकल थांबली. काकांनी माझं मनगट धरून मला खस्सकन घरात ओढलं.

दूधवाला होता.