गिरजामायची पेन्शन

गिरजामाय कुणाच्याही घरी गेली की आधी हात धुवायची. चहाला बोलावलेलं असो की मयतीला, ती थेट रांजणाकडे जायची, कोपरापर्यंत हात घासायची आणि मगच बोलायला तोंड उघडायची. नगरपालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून तिचा जन्म गेला. आमच्या वस्तीतली निम्मी पोरं तिच्याच हातात पहिल्यांदा रडली. मीही त्यांतलाच.

तिच्याबद्दल लिहिताना मला संकोच वाटतो. तिच्या एकाच गोष्टीत माझा हात होता. तीत मी केलेला हिशेब बरोबर निघाला, आणि त्याचंच मला वाईट वाटतं.

मी तेव्हा यवतमाळला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्या वर्षी दवाखाना नगरपालिकेकडून सरकारकडे गेला आणि प्रत्येक नोकराला एक इंग्रजी कागद मिळाला. तीन महिन्यांत सही करून परत द्यायचा होता. गिरजामायनं हात धुतले, पदराला पुसले आणि तो माझ्यापुढे ठेवला.

"वाच, बाबू. चार खेपा वाच. माहा बुढापा हाय त्याच्यात."

मी डिक्शनरी घेऊन बसलो. मजकूर असा होता. तिच्या पगारातून दरमहा फंडाची कपात होत असे आणि तेवढीच रक्कम नगरपालिका घालत असे. आता दोन पर्याय होते. निवृत्त होताना दोन्ही वाटे एकरकमी घ्यायचे, किंवा नगरपालिकेचा वाटा सरकारला सोडून मरेपर्यंत पेन्शन घ्यायची. मेल्यावर पेन्शन बंद. मागं कुणालाही नाही. एकदा सही केली की बदल नाही. शिवाय जितकी वर्षं फंड कापला, तेवढीच वर्षं पेन्शनीत धरली जाणार. गिरजामायची पहिली आठ वर्षं रोजंदारीवर गेली होती.

"कपात नाही तर ते वर्षच नाही, मावशी," दवाखान्याच्या कारकुनानं सांगितलं.

"त्या आठ वर्सात जल्मलेली पोरं तं हायेत ना, बाप्पा? का तेही धरत नाही?"

कारकून हसला. वर्षं काही वाढली नाहीत.

मी वहीत आकडे मांडले. निवृत्तीनंतर साडेपाच वर्षं झाली, तर पेन्शनीची बेरीज फंडाच्या पुढे जात होती. मी बोलून गेलो, "म्हणजे माय, तू किती जगशील त्यावर आहे." आणि जीभ चावली. दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना तिला दम लागायचा, ते मी पाहिलं होतं.

ती रागावली नाही. "म्हंजे सरकार मले पुसून राह्यलं, बाई, तू कवा मरशीन?"

त्या तीन महिन्यांत तिची भूक गेली. बसल्या बसल्या ती आपल्या पायाच्या सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबायची आणि पडलेला खड्डा किती वेळात भरतो ते बघायची. मला पाहिलं की घोट्यावर लुगडं ओढायची. शेजारणीनं सांगितलं, बाभुळगावला एक भगत आहे, तो आयुष्य किती ते सांगतो. एका सकाळी ती मला बरोबर घेऊन मोटारस्टँडपर्यंत गेली. मोटार आली, लोक चढले, आणि ती मागं वळली.

"छप्पन साली दीक्षा घेतली तवा शबुद देल्ला, देव-भगत बंद. आता पेन्शनीपायी मोडू?" तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

घरी तिचा पुतण्या मनोहर, त्याची बायको आणि ती, एवढेच. मनोहर दुसऱ्याच्या दुकानात सायकली दुरुस्त करायचा. "काकू, फंड घे. स्वताचं दुकान टाकतो. तुले काई कमी पडू देईन काय?" मीही चाचरत म्हणालो, फंडच बरा.

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "माहा दम पाहून म्हनतं ना तू?"

मी वही मिटली.

मुदतीच्या आदल्या दिवशी ती आली. "पेन्शन लिव."

"काहून, माय?"

"फंड आनून पोस्टात ठेवला, तं मनोहर माह्या मराची वाट पाहीन. पेन्शन घेतली, तं माह्या जगाची पाहीन. मले दुसरी वाट पाह्यनारा मानूस घरात पाह्यजे."

मी लिहिलं. तिनं अंगठा उठवला. मनोहर चार दिवस तिच्याशी बोलला नाही.

पण ती निवृत्त होऊन पेन्शन सुरू झाली आणि तोच तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून ट्रेझरीत नेऊ लागला. सकाळी उठला की आधी तिची दवाई. तिनं बादली उचलली तर बायकोवर ओरडायचा. दुकानातले टोमणे मारायचे, "मन्या, बुढीचं तेलपानी बराबर हाय ना? पहिली तारीख आली!" तो खाली मान घालून पंक्चर काढत बसायचा.

तुला हे ऐकून लागत नाही का, असं मी तिला एकदा विचारलं.

"तो भाकर गरम देते, दवाई टायमावर देते. मनात काय हाय ते पाहाले म्या त्याचं पोट फाडू?"

निवृत्तीनंतर ती एक वर्ष नऊ महिने जगली. साडेपाचपासून फार दूर.

तिसऱ्या दिवशी मनोहर आमच्या दारात आला. हातात कोरा कागद होता. "पेन्शन बंद कराचा अर्ज लिहून दे, भाऊ."

मी म्हणालो, "एवढी घाई नाही. पंधरा दिवसांनी दिला तरी चालतो."

"नाही, आजच दे." तो उंबऱ्यावरच टेकला. "आज सकायीही दवाई घेऊन गेलतो मी तिच्या बाजेपाशी. कागद देल्ला म्हंजे मले समजन, काकू गेली."