अर्ध्या काठीची बिअर

थोरलीच्या बिअरला नाव नव्हतं. दारामागच्या फळ्यावर खडूने 'आजची' एवढंच लिहिलेलं असे आणि ते कुणी पुसत नसे, त्यामुळे कालची असली तरी ती आजचीच. पुढच्या खोलीत मोजकी बाकं, खिडकीशी मास्तरांची ठरलेली जागा, आणि कामावरून सुटलेली माणसं. ह्या जागेला कुणी गुत्ता म्हटलं की थोरली त्याच्यासमोरचा पेला उचलून घेई. "गुत्त्यात जा मग. इथे बसलेला माणूस आपल्या पायांनी घरी जातो."

मागच्या खोलीत मात्र तिचं एकटीचं राज्य. तांब्याची मोठी काहील, खाली चूल, कोपऱ्यात जवाची पोती, छताला टांगलेली हॉपची वाळकी, कडू फुलं, फडक्याने तोंड बांधलेली मातीची बरणी. अंगणाकडच्या भिंतीला एक बुटकं दार होतं, पिंपं गडगडत आत-बाहेर करायला. पिंप अडू नये म्हणून त्याला उंबरठा ठेवलेला नव्हता. आणि काहिलीच्या वर खुंटीला काठी. काठी कसली, काठीचं अर्धुक. तिने काहील ढवळायची तर पार कमरेत वाकावं लागे. वर्षानुवर्षं वाकून थोरली आता सरळ उभी राहिली तरी वाकलेलीच दिसे.

काठी अर्धी का, ते सांगायला सासूबाईंपासून सुरुवात करायला हवी.

सासूबाईंच्या हाताला दोन सुना मिळाल्या, थोरली आणि धाकटी. दोघींना त्यांनी एकाच काहिलीशी उभं करून शिकवलं. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भाजायचे, जाडसर भरडायचे, गरम पाण्यात मुरवायचे. गाळून निघालेलं गोड पाणी कडू फुलांबरोबर उकळायचं. ते निवलं की बरणीतलं विरजण घालायचं. बाहेरचे लोक त्याला यीस्ट म्हणत, घरात विरजणच. ते सासूबाईंच्या सासूच्याही आधीपासून चालत आलेलं. प्रत्येक वेळच्या फेसातलं थोडं बरणीत ठेवायचं, पुढच्या वेळी तेच घालायचं. आणि काठी कधी धुवायची नाही, तशीच खुंटीला वाळू द्यायची, कारण विरजण काठीच्या अंगातसुद्धा मुरलेलं असतं.

सासूबाईंचा एक नियम फार कडक होता. काहिलीपाशी भांडायचं नाही. "विरजणाला सगळं ऐकू येतं. रुसून बसलं की कुणाच्या बापाला उठायचं नाही," असं त्या म्हणत. आता दोन जावा आणि एक चूल म्हटल्यावर भांडण काय टळतंय? मग दोघी हातातलं काम खाली ठेवत, अंगणात हौदापाशी जात, मनसोक्त भांडत, पदराला हात पुसत परत येऊन गुमान ढवळायला लागत. पुढच्या खोलीतल्या माणसांनाही ते ठाऊक झालं होतं. बिअर यायला उशीर झाला की कुणीतरी म्हणे, "जावा अंगणात गेल्या वाटतं."

सासूबाई गेल्या आणि हौदापाशी थांबवायला कुणी उरलं नाही. भांडण तरी कशावरून, तर कडू फुलं किती घालायची. धाकटीला बिअर जिभेला चावणारी हवी, थोरलीला मवाळ. शब्दाने शब्द वाढत गेला आणि एके दिवशी वाटणी झाली. विरजण दोन बरण्यांत भागलं. काठी भागेना. मग पिंपं बांधणाऱ्या सुताराला बोलावलं. त्याने काठी आडवी धरली आणि दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. "कापू खरंच?" दोघी एकदम म्हणाल्या, "काप." तेवढं एकच काय ते त्यांचं जमलं.

जाताना धाकटी अंगणातून ओरडून गेली, "ह्या घराच्या उंबरठ्याला पुन्हा पाय लावणार नाही!" आणि शब्दाची ती पक्की. पुलापलीकडे तिने आपली काहील मांडली. थोरलीचा नवरा गेला त्या दिवशीही आली, पण रस्त्याच्या पलीकडे, दिव्याच्या खांबापाशी दिवसभर उभी राहिली. थोरलीने खिडकीतून पाहिलं होतं. बोलावलं मात्र नाही.

तर आता यंदाची गोष्ट. थोरलीच्या कंबरेने एकदाचा संप केला. डॉक्टरांनी पलंगावर तक्त्यासारखं आडवं पडून राहायला सांगितलं. घरात नवी सून आली होती. मुलगा गाडीवर पिंपं पोचवण्यात गुंतलेला, आणि त्याच्या समजुतीने बिअर पिंपात आपोआप उगवते. सून लग्नाआधी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. डाग दिसला की तिला झोप लागत नसे. स्वभाव गोड, कामाला वाघीण. थोरलीने तिला मागच्या खोलीतलं काही दाखवलं नव्हतं. कळेल हळूहळू, असं म्हणत राहिली. खरं तर त्या खोलीत दुसऱ्या बाईचा हात तिला नकोच होता. एकदा होऊन गेलेली वाटणी तिच्या मनातून गेली नव्हती.

आई उठतील तेव्हा खूश होतील म्हणून सुनेने मागची खोली धुवायला काढली.

थोरली भिंतीला धरत आत आली तेव्हा काहील आरशासारखी चकाकत होती. फरशी अशी लख्ख की वरून हात फिरवावा. खुंटीवरची काठी पांढरीफटक, सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात बुडवून घासलेली. शेजारी मातीची बरणी पालथी.

"आई, त्यात काय सडलं होतं हो," सून म्हणाली. "वास म्हणजे! गटारात ओतलं आणि उकळत्या पाण्याने खळखळून धुतली. आता कशी झालीये बघा."

थोरलीने बरणी उचलून नाकाशी नेली. कशाचाच वास नव्हता.

"चल अंगणात," ती म्हणाली.

सुनेला नियम कुठे माहीत, पण आवाज कळला. ती हौदापाशी जाऊन उभी राहिली. थोरली तोंड उघडणार, तोच तिची नजर पोरीच्या हातांवर गेली. सोड्याने बोटं लालभडक, नखांपाशी सोललेली. दिवसभर घासत होती बिचारी. 

"हाताला काहीतरी लाव आधी," ती शेवटी म्हणाली, आणि मग हौदाच्या काठावर बसून तिने सगळं सांगितलं. सून ढसाढसा रडली. थोरली रडली नाही, पण त्या दिवशी जेवलीही नाही. इतक्या बायकांच्या हातांतून चालत आलेली वस्तू, आणि ती आपल्याच हातात संपली, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. सुनेला न सांगणारी आपणच.

मुलगा म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतेस? बाजारात यीस्टचं पाकीट मिळतं."

पाकीट आणलं. थोरली खुर्चीवर बसून सांगत गेली, सून करत गेली. फेस आला, बिअर झाली, पहिला पेला खिडकीशी गेला. मास्तरांनी घोट घेतला, थांबले, पुन्हा घेतला.

"छान आहे," ते म्हणाले. "कुणाची?"

थोरलीने कपाळाला हात लावला. त्यांनी विचारल्यावर सगळं सांगितलंही, तशी शेजारी उभी सून पुन्हा रडायला लागली.

मास्तर शाळेतून निवृत्त होऊन जमाना लोटला होता, पण शिकवायची सवय सुटली नव्हती. शाळेत इतिहास शिकवायचे आणि इथे बिअरचा इतिहास. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," ते पेला उजेडाकडे धरत म्हणाले. "तुम्ही केवढ्या मोठ्या घरच्या आहात ते ठाऊक आहे का? हजारो वर्षांपूर्वी दोन नद्यांच्या मधल्या देशात बिअरची देवीच होती. देव नाही हो, देवी! एका मडक्याभोवती बसून लोक लांब नळ्यांनी बिअर ओढायचे. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांना पाव आणि बिअर मिळायची. आफ्रिकेत बायका ज्वारीची करतात. तिकडे दक्षिण अमेरिकेत डोंगरावरच्या बायका मका चावून चावून करायच्या."

"चावून?" सून रडायची विसरली. "शी! आणि लोक प्यायचे?"

"आनंदाने. आणि ह्यांतल्या कुणालाच विरजण म्हणजे काय ते माहीत नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते जिवंत असतं हे समजलं, ते अगदी अलीकडे. तोवर आपलं काठीवर भरवसा, मडक्यावर भरवसा."

"माझी काठी घासून निघाली, मास्तर. तुमच्या देवीला सांगा."

"अहो, ह्या हजारो वर्षांत एकीच्याही हातून विरजण मेलं नसेल? पुष्कळदा मेलं असणार. मग काय करत असतील त्या? शेजारणीकडे वाटी घेऊन जात असतील, आणखी काय!"

मास्तर सहज बोलून गेले आणि मिशीवरचा फेस पुसायला लागले.  थोरलीची शेजारीण मात्र पुलापलीकडे होती.

तिला एक अख्खा दिवस लागला मनाची तयारी करायला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुनेच्या दंडाला धरून पूल ओलांडून गेली. वाटेत दोनदा म्हणाली, "परत फिरू या." दोन्ही वेळा सुनेने ऐकू न आल्यासारखं केलं.

धाकटी आपल्या काहिलीवर वाकलेली होती. मान वर झाली, पाठ नाही. थोरलीच्या मनात आलं, अगदी माझ्यासारखीच मोडलीये.

"या जाऊबाई," धाकटी म्हणाली. जणू कालच भेटल्या होत्या. "वाट चुकलात?"

"नाही. सुनेला तुझं दुकान दाखवायला आणलं."

"बघ बाई बघ. ह्या तुझ्या सासूने काठीचं जाड टोक स्वतःला ठेवलं आणि बारीक मला दिलं."

"तूच म्हणालीस, हलकी दे!"

"हलकी म्हणाले, चमचा नाही म्हणाले." धाकटीने हातातली काठी वर केली. खरंच केवढीशी ती. "हिने ढवळून ढवळून माझी कंबर गेली. तुमची?"

"तुझ्या आधी गेली. मी थोरली आहे."

सून मध्येच बोलली. तिला राहवलंच नाही. "काकू, माझी चूक झाली. मी विरजण फेकलं. काठी सोड्यात उकळली."

धाकटीच्या हातातली काठी खाली आली. ती थोरलीकडे बघत राहिली. आता ही हसणार, असं थोरलीला वाटलं, आणि हसली तर आपण आल्या पावली जाऊ हेही तिने ठरवून टाकलं. पण धाकटी हसली नाही. पुसटशा आवाजात म्हणाली, "सगळं गेलं?"

"सगळं," थोरली म्हणाली. "तुझ्याकडे असलं तरच आहे."

धाकटी आत गेली. बऱ्याच वेळाने बरणी पंच्यात गुंडाळून, छातीशी धरून आली.

"दे इकडे," थोरलीने हात पुढे केले.

"तुमच्या हाती द्यायची? रस्त्यात पडायची आणि दोन्हीकडची जायची." तिने काठी काखेत मारली. "मी येते घेऊन."

पूल ओलांडून तिघी चालल्या. दोन वाकलेल्या आणि मध्ये एक ताठ. घर आलं तशी धाकटी थबकली. दार उघडं होतं. तिने उंबरठ्याकडे पाहिलं, आणि तो कुणी नवीन बसवलाय का अशा नजरेने पाहतच राहिली.

"अगं, आता काय त्याचं?" थोरली म्हणाली.

"बोलले ते बोलले. उगाच नाही मी सासूबाईंची सून."

थोरलीचा जीव थोडा थोडा झाला. बरणी इथवर आली आणि दारात अडली. पुन्हा तोंडावर आलं होतं की दे ती बरणी आणि जा, पण तेच तर मागे एकदा झालं होतं. ती वळली आणि भिंतीला धरत घराच्या मागे गेली. अंगणातून पिंपांचं बुटकं दार ढकलून तिने उघडलं.

"ह्याला उंबरठा नाही," ती म्हणाली.

धाकटीने वाकून आत पाहिलं. "मला पिंप समजलात होय?"

"अंगाने तशीच झालीयेस."

धाकटी फसकन हसली, बरणी सुनेच्या हातात दिली आणि त्या दारातून आत शिरली. तिला वेगळं वाकावं लागलं नाही. मागून थोरली शिरली, तिलाही नाही. ताठ कंबरेच्या सुनेनेच तेवढं कपाळ आपटून घेतलं.

संध्याकाळपर्यंत जवाचं गोड पाणी उकळून, गाळून, निवून तयार झालं. मापं थोरली सांगत होती, बोट बुडवून गारवा धाकटी बघत होती. बरणी मात्र दोघींनी सुनेच्या हातात ठेवली. तिने बिचकत ओतलं आणि धाकटीच्या केवढ्याशा काठीने ढवळलं. थोरलीची पांढरी काठीही त्याच फेसात बुडवून काढली, पुन्हा मुरायला. मग तिघी बसून राहिल्या. 

सकाळी थोरली डोळे चोळत आत आली, तर धाकटी आधीच पोत्यावर बसून होती. काहिलीत कडेला एक बुडबुडा आला. त्याच्याशेजारी आणखी एक. मग पांढुरका फेस हळूहळू सरकत मध्यापर्यंत पसरला आणि त्या खोलीला तिचा जुना वास आला. थोरलीने पदर डोळ्यांना लावला. धाकटीने काहिलीवर झुकून वास घेतला आणि नाक मुरडलं.

"कडू फुलं कमी पडली," ती म्हणाली.

"पुरेत."

"अजूनही गोडमिट्टच करता तुम्ही! इतक्या वर्षांत काही शिकला नाहीत?"

थोरलीचा श्वास फुलला. ती उत्तर द्यायला वळली आणि काहिलीकडे नजर जाताच तिने ओठ मिटले.

"जाऊबाई," धाकटी हळूच म्हणाली, "अंगणात चला."

दोघी पिंपांच्या दारातून बाहेर पडल्या. सून काठी खुंटीला लावून फेसाशी बसली. तिने एकदा बाहेर कान दिला. हौदापाशी दोघींचे आवाज चढत चालले होते, आणि पुढच्या खोलीत मास्तर येऊन बसले होते.

"सूनबाई, आजची कधी मिळणार?" त्यांनी विचारलं.

"वेळ आहे अजून, मास्तर," सून म्हणाली. "जावा अंगणात गेल्यात."