गुरुवारची दोनची फेरी

कौल लावण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि त्या दुपारी मात्र मी दर पाच मिनिटांनी कौल लावत होते. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचे सांगणे सोपे जाईल. माझे माहेर पुण्याचे, सासर सावंतवाडीजवळच्या एका गावातले. तिथे घरात काही अडले की ग्रामदेवतेच्या देवळात जायचे, गुरवाकडून गाऱ्हाणे घालून घ्यायचे आणि देवाच्या अंगावर चिकटवलेल्या पाकळ्यांकडे बघत बसायचे. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. नवी नवरी असताना मी सासूबाईंना म्हटलेही होते, "आई, गाभाऱ्यातला पंखा बंद करून बघितलंत का?" त्या बिचाऱ्या नुसत्या हसल्या होत्या.

महामारीचे दुसरे वर्ष होते, एप्रिल महिना. आम्ही तेव्हा परदेशात, झूटरमेरला राहत होतो. आधी मला कोविड झाला आणि थोडक्यात निभावला. माझ्याकडून नवऱ्याला झाला आणि तो मात्र आडवाच पडला. आमच्या भागातल्या हॉस्पिटलांत जागा नव्हती, म्हणून त्याला त्या देशाच्या पार पूर्वेकडच्या एका गावी हलवले. मी घरात कोंडलेली, तो तिकडे. आठ दिवस मी फोनवर त्याचे शब्द कमी आणि धाप जास्त ऐकत होते. माझे विलगीकरण संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. तो फार थकला आहे, संध्याकाळी त्याला झोपवून व्हेंटिलेटरवर ठेवणार आहोत. भेटीची वेळ तीन ते चार, एकाच माणसाला. "त्याआधी येऊन बोलून घ्या," त्या म्हणाल्या. नंतर बोलता येईल ना, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते, पण मी विचारले नाही.

मला गाडी चालवता येत नाही. कोविड नुकताच होऊन गेलेल्या बाईला दोन-अडीच तास शेजारी बसवून न्या, असे कुणाला म्हणायचा धीर झाला नाही. निघण्याआधी सासूबाईंना कळवले आणि वर, मीच, हो मीच, म्हटले, "आई, कौल लावता येईल का?" तासाभरात त्यांचा फोन आला तेव्हा मी आगगाडीत बसले होते. "उजवो कौल दिल्यान गो देवान. तू बिनघोर जा." आयुष्यात पहिल्यांदा मला कौलावर हसू आले नाही. उलट, तेवढ्याने भागेना म्हणून आणखी हवे झाले.

स्टेशनवर उतरले तेव्हा दोन बसचे पर्याय होते. सरळ हॉस्पिटलला जाणारी बस पन्नास मिनिटांनी होती. दुसरी समोर उभी होती, पण वाटेत एका बाजाराच्या गावी उतरून छोटी बस पकडायची होती. तसे केले तर तिनाच्या आधी पोचून पुरा तासभर त्याच्याजवळ बसता आले असते. शहाण्या माणसाने छोटी बस चालू आहे का ते फोनवर तपासले असते. मी काय केले? स्टेशनच्या दोन दारांकडे बघत ठरवले, पहिला माणूस उजव्या दाराने आला तर समोरची. एक बाई उजव्या दाराने आली आणि मी चढले.

एरवी त्या प्रवासाचे मी शंभर फोटो काढले असते. दुतर्फा पांढऱ्या फुलांनी भरलेल्या फळबागा, सरळ रेषेत जाणारे कालवे, आयांच्या पोटाखाली घुसणारी कोकरे. पुढच्या सीट फीत लावून बंद केलेल्या, चालक प्लास्टिकच्या पडद्याआड, आणि मास्कमध्ये कोंडलेल्या माझ्याखेरीज बसमध्ये फक्त एक म्हातारे जोडपे. मला त्यातले काही सुंदर दिसत नव्हते, सगळे कौलच दिसत होते. बगळा उजवीकडे उडाला, बरे. पुढची गाडी डावीकडे वळली, वाईट. मग मनाशी म्हणायचे, तो धरायचा नाही, पुढचा धरायचा. देवाला इतक्या वेळा एकच प्रश्न विचारणारी भक्तीण त्याने दुसरी पाहिली नसेल.

बाजाराच्या गावात चर्चसमोरच्या चौकात चीज आणि मासळीच्या दोनच गाड्या होत्या आणि खडूच्या फुल्यांवर माणसे अंतर राखून उभी होती. त्याच्या पलीकडे छोट्या बसचा थांबा. दोन वाजले, दोन पाच झाले, दोन दहा झाले. खांबावर डकवलेला कागद तेव्हा कुठे वाचला. ही बुर्टबस, म्हणजे वस्तीची बस, गावातले निवृत्त लोक पाळीपाळीने, पगाराशिवाय चालवतात. त्यांच्या वयाकडे बघून ती कधीचीच बंद ठेवली होती. परतीची बस तासाने. टॅक्सीवाला फोनवर म्हणाला, साडेतीनच्या आधी जमणार नाही. मी बाकावर बसले आणि मोठ्याने, मराठीत, देवाला म्हटले, "हाच का तुझा उजवा कौल?" रडायला येत होते, त्याहून जास्त संताप येत होता.

तेवढ्यात सत्तरी ओलांडलेले एक उंच गृहस्थ दोन हात लांब येऊन उभे राहिले आणि खिशातला मास्क काढून तोंडाला लावत इंग्रजीत म्हणाले, "आज बस नाही."

"वाचलं आत्ताच," मी जरा तुटकच बोलले. "तुम्ही पण चुकलात का?"

"नाही. गुरुवारची दोनची फेरी माझी असते. बस नाही, पण कागद न वाचणारा कुणी उभा असेल तर, म्हणून मी येऊन बघतो. वर्षभरात तुम्ही तिसऱ्या."

कुठे जायचे ते त्यांनी विचारले. मी सगळे सांगितले, मला नुकताच कोविड होऊन गेला तेही. लपवावेसे वाटले होते, खोटे कशाला बोलू, पण त्यांच्या पांढऱ्या भुवयांकडे बघून जमले नाही. ते जाऊन आपली गाडी घेऊन आले, चारही काचा खाली केल्या आणि म्हणाले, "मागे बसा. गार वारा लागेल."

वारा चांगलाच लागत होता. पण खरी परीक्षा वेगळीच होती. गृहस्थ बसच्या मार्गानेच निघाले! प्रत्येक वाडीत वळायचे, प्रत्येक थांब्याजवळ वेग कमी करून बघायचे, कुणी नाही असे पाहून पुढे जायचे. एकाही थांब्यावर कुणी नव्हते हो! शेवटी मी म्हटले, "सरळ रस्ता नाही का?"

"असेल. मला हा पाठ आहे. फेरीला पंचावन्न मिनिटं लागतात; दोन पंचवीसला निघालो, तर तीन वीसला हॉस्पिटलच्या दारात. आजवर चुकलं नाही."

त्यानंतर काय झाले ते मला नीट सांगता येणार नाही. मी काही विचारणे सोडून दिले, एवढेच. बगळे होते, वळणेही होती, पण मी उजवे-डावे बघितले नाही. समोर एक पाठ दिसत होती आणि ती पाठ गाडी चालवत होती. मनात म्हटले, देवा, आता तूच बघ. तो वाचो न वाचो, मी तुला पुन्हा विचारणार नाही. भीती गेली नव्हती. पण पहिल्यांदा बाहेरची फुले दिसली.

तीन वीसला दारात. मी मागे वळून हात जोडले, तर ते गाडी वळवत होते, परतीची फेरीही करायची असणार. सरळ बस घेतली असती तरी मी याच सुमारास पोचले असते, हे नंतर मी तपासले. तेव्हा चमत्कार कुणी म्हणू नये.

अंगभर झगा घालून मी नवऱ्याजवळ बसले. त्याला बोलवत नव्हते. ठरवलेले सगळे विसरून मी एवढेच म्हटले, "आईंनी कौल लावलाय. उजवा आलाय." तो माझ्यासारखाच कौलाला हसणारा. ऑक्सिजनच्या मास्कमागे त्याचे डोळे हसले आणि त्याने माझी बोटे घट्ट धरली. चार वाजता मला उठवले. त्यानंतर एकोणीस दिवस तो झोपेत होता आणि विसाव्या दिवशी त्याने डोळे उघडले.

घरी आल्यावर तो म्हणाला, झोपवताना मी ते उजव्या कौलाचेच धरून होतो. आम्ही मुद्दाम सासूबाईंना फोन लावला. नवस फेडायचा का, गुरवाला काय द्यायचे, असे विचारले.

"देऊळ बंद होता गो तेव्हा," त्या म्हणाल्या. "गुरव तापान निजलेलो. कौल कोण लावतलो?"

"मग?"

"मियाच दिलंय. म्हटला, देव काय माका खोटा पाडूचो नाय."

नवरा हसू लागला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. देवळाला कुलूप होते, बस बंद होती, आणि तरी त्या गुरुवारी मला कुणी एकटे सोडले नाही. त्याचे ऋण मानण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही. कौल मी आता मागत नाही. आमच्या खिडकीतून बसचा थांबा दिसतो. फेरी रद्द असली की मी एकदा खाली जाऊन बघून येते, कुणी उभे तर नाही ना.