जनीच्या गोळ्यांचे वाटे

चिमाला मी आयुष्यात एकदाच वाट्टेल तसं बोलले, आणि तेही चूक माझी असताना. म्हणून तिची गोष्ट मीच सांगितलेली बरी.

दहिवलीच्या वर डोंगरात ठाकूरवाडी आहे, तिथली ती. नवरा गेलेला, पदरात एकच पोरगी, जनी. चिमा मोळ्या विकायला खाली यायची आणि आमच्या मिशनच्या दवाखान्यात पाणी भरून द्यायची. मी तिथे ड्रेसिंग करायचे, राहायला भिसेगावात. दर डिसेंबरात परदेशातून डॉक्टरी शिकणारी पोरं यायची, तीन आठवड्यांसाठी. सकाळी डोळे मिटून प्रार्थना करायची आणि मग उन्हात नाकं सोलून घेत दिवसभर राबायची. मला पहिल्यांदा त्यांचा रागच यायचा. भाषा येत नाही, भात कालवता येत नाही, आणि आली म्हणे सेवा करायला! पण त्र्याहत्तर साली रूथ नावाची पोरगी आली, ती वेगळी निघाली. जनीच्या खोकल्याचं ऐकून ती चिमाच्या मागोमाग वाडीवर चढली, थुंकी तपासायला घेऊन आली, आणि क्षय निघाला तेव्हा माझ्याआधी तिचेच डोळे भरले. जनी तेव्हा सतरा वर्षांची, नुसती हाडं उरलेली.

जायच्या दिवशी रूथने चिमाच्या ओंजळीत साठ गोळ्या दिल्या, दोन महिन्यांच्या. "रोज एक. एक दिवस चुकला तरी चालायचं नाही, पोरगी हातची जाईल," असं ती म्हणाली आणि मी ते मराठीत सांगितलं. चिमाने मान डोलावली. गाडीत बसताना रूथ हमसून हमसून रडली.

दहाव्या दिवशी चिमाने मोळी टेकवली आणि म्हणाली, "विमलबाय, जनीच्या गोळ्या सरल्या."

"सरल्या? साठ गोळ्या? मुठीमुठीने खाल्ल्या का गं पोरीने?"

"नाय गं. वाटल्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाडीवर ससा मिळो, मासे मिळोत, फुकट आलेल्या जिनसेचे घरटी वाटे पडतात. एकट्याने खाणं म्हणजे तिथे चोरीच. चिमाने तेच केलं होतं. सतरा घरांना तीन-तीन, उरलेल्या नऊ जनीला. "खोकला समद्यांनाच येतो, बाय," म्हणाली.

"अक्कल गहाण टाकलीस का गं? पोटची पोर मारायला निघालीस!" मी भररस्त्यात ओरडले. ती तिथेच खाली बसली, आणि मग माझी जीभ थांबली. रोज एक, हे मी तिला सांगितलं होतं. फक्त जनीला, हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

नव्या गोळ्या मुंबईहून यायला महिना-दीड महिना लागणार होता. मी तशीच तिच्याबरोबर वर गेले. बहुतेकांनी गोळ्या दुखल्याखुपल्याला होतील म्हणून पदराच्या गाठीत जपल्या होत्या. दोनच घरांनी खाऊन टाकल्या होत्या. मी म्हटलं, चल, गोळा करू. चिमा जागची हलेना. दिलेला वाटा परत मागितला की वाडीत तोंड दाखवायची सोय उरत नाही.

"मरन पन मागनार नाय," ती म्हणाली, आणि लगेच तोंडात पदर कोंबून रडायला लागली. कारण मरणार ती नव्हतीच.

शेवटी उठली. वाडीतला सगळ्यांत म्हातारा पोशा, त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. "काका, माजं चुकलं. जनीचा वाटा परत दे."

पोशाने तिला दारात बसवलं. मग म्हणाला, "दिलेला वाटा परत घ्यायचा नाय. पन पावन्याला जेवू घालतात का नाय? जनीला धाड माज्याकडं."

तेव्हापासून जनी रोज जेवायला दुसऱ्याच्या घरी. एकेका घरी तीन दिवस. पुढ्यात भात, शेजारी गोळी, आणि ती गिळेपर्यंत घरातलं कुणी उठायचं नाही. ज्या दोन घरांनी गोळ्या खाल्ल्या होत्या, त्यांनी लाजून अंडी धाडली. पंधरा घरं, पंचेचाळीस दिवस. औषधाइतकंच त्या भातानेही तिला धरून ठेवलं, असं मला वाटतं. तेवढ्यात मुंबईचं पार्सल आलं. मी नव्या गोळ्या चिमाच्या हातात ठेवल्या, तर बयेने त्या पुन्हा घरोघर वाटल्या! या वेळी मी एक अक्षर बोलले नाही.

पुढच्या डिसेंबरात नवी पोरं आली. रूथ नव्हती, ती असायला हवी होती असं मला फार वाटलं. वाडीवर जायला निघालो तर जनीने औषधांची पेटी उचलून डोक्यावर घेतली आणि चढ चढायला लागली. ती धडधाकट पोरं मागे धापा टाकत होती. चिमाने माझा दंड घट्ट धरला होता, तिचे कान पोरीकडे. आम्ही वर पोचलो.

"खोकली नाय गं, विमलबाय! येकदा पन खोकली नाय!" म्हणाली, आणि तिथेच बसकण मारून मोठमोठ्याने रडायला लागली.

एक पोरगा घाबरून धावत आला. हिला काय दुखतंय, विचारायला लागला. मी त्याला सांगितलं, "काही नाही रे. हिची पोरगी जगली."