पाहुणी गाडी

दादा तेहरानहून नाशिक रोडपर्यंत स्वतःची गाडी चालवत आला, हे आमच्या कॉलनीत आधी कुणाला खरंच वाटेना. आणीबाणी उठल्यानंतरचा हिवाळा होता तो. माझा हा थोरला भाऊ तिकडे एका कारखान्यात फिटर होता. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत वाघा सीमेवरून आत आलेली ती बदामी गाडी दारात उभी राहिली, तेव्हा आई भाकरतुकडा घेऊन बाहेर आली आणि आधी कुणावरून ओवाळावं हेच तिला कळेना. शेवटी तिनं दोघांवरून ओवाळला.

गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं. त्यामुळे उजवीकडे, आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे, बाबा बसायचे. बाबा नोटांच्या प्रेसमध्ये मशीनवर होते. उभ्या जन्मात सायकलपलीकडे त्यांनी काही चालवलं नव्हतं. पण जेल रोडवरून जाताना लोकांना वाटायचं, बाबाच गाडी चालवतायत. ओळखीचे लोक थांबून हात करायचे आणि बाबा साहेबासारखी मान हलवायचे. एकदा तर त्यांनी मुद्दाम दोन्ही हात डोक्यामागे घेतले. समोरून येणारा सायकलवाला घाबरून गटारीकडे वळला. आपले बाबा इतके वात्रट आहेत, हे मला तेव्हा, कॉलेजात गेल्यावर, पहिल्यांदा कळलं.

पण त्या जागेवर खरं कामही होतं. पुढे ट्रक असला की डावीकडे बसलेल्या दादाला समोरचा रस्ता दिसायचा नाही. मग बाबा खिडकीतून डोकं बाहेर काढून बघायचे. "थांब, एसटी येतेय." आणि मग, "रिकामं आहे. काढ." बाबांनी काढ म्हटलं की दादा डोळे मिटून गाडी काढायचा. इतका विश्वास त्यानं दुसऱ्या कशावर ठेवलेला मी पाहिला नाही.

आल्या दिवशीच दादानं सांगितलं होतं, "ही गाडी इथे पाहुणी आहे. सहा महिन्यांत देशाबाहेर न्यावी लागते. माझ्या पासपोर्टातच लिहिलीय ती." आईनं त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं धरलं. पत्रिकेत लिहिलंय म्हणावं तसं ती शेजारणींना सांगायला लागली, "काय करणार, पासपोर्टातच लिहिलंय त्याच्या."

आम्हाला सगळ्यांना एकच हवं होतं, दादानं आता इथे राहावं. बाबांनी सातपूरच्या एका कारखान्यात त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. आई मुली बघत होती. मी उघड काही बोलत नव्हते, पण रोज सकाळी उठल्यावर आधी गाडी दारात आहे का ते बघत होते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही कळवणला आत्याकडे गेलो. आईचे गुडघे धरले होते, म्हणून ती आली नाही. आत्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "लय लांबून आली बया. आता कशाला परत धाडता तिला?" सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

परत येताना वणी सोडल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "गाडी सरकारजमा करता येते म्हणे."

दादानं गिअर बदलला.

"कस्टममधल्या एकाला विचारलं मी. गाडी देऊन टाकायची. पासपोर्टातलं ते मग खोडून देतात. माणसाला जावं लागत नाही."

पुढे गवताचा ट्रक चालला होता. दादा त्याच्यामागे धूर खात तसाच चालवत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "माहीत आहे मला, बाबा."

मागच्या सीटवर मी ऐकत होते. म्हणजे गाडीचं निमित्त होतं. त्यालाच जायचं होतं. मला त्याचा इतका राग आला की खाली उतरून चालत घरी जावं असं वाटलं. इतके महिने तुझ्या गाडीला आम्ही घाबरतोय आणि तू खुशाल माहीत आहे म्हणतोस?

बाबांनी डोकं बाहेर काढलं. खूप वेळ बघत राहिले. मग आत घेतलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "रिकामं आहे. काढ."

दादानं काढली. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

घरी आईचं चालूच होतं, मेली गाडी, अवदसा, माझ्या लेकराला ओढून नेतेय. मी एकदा बाबांना म्हटलं, "तिला खरं सांगा ना." बाबा म्हणाले, "गाडीला शिव्या घातल्या तर गाडीला काय लागतं? पोराला घातल्या तर तिलाच लागतील."

निघताना आईनं दादाच्या हातावर दही घातलं. तो "येतो" म्हणाला. बाबा गाडीच्या उजव्या दारापाशी उभे होते. ती सीट रिकामी होती.

"आता उजवीकडचं कोण बघणार रे?"

"खैबरपर्यंतच, बाबा. पुढे रस्त्याची बाजूच बदलते, गाड्या उजवीकडून चालतात."

बाबांनी दार उघडून पुन्हा नीट लावलं.

मग इराण पेटलं, अफगाणिस्तानात रणगाडे शिरले आणि तो रस्ताच बंद झाला. दादा गाडी विकून जर्मनीला गेला. पत्रं यायची, त्यात बर्फ असायचा. बाबा रिटायर झाले. कुणाच्याही गाडीत बसले की त्यांची मान आपोआप बाहेर जायची. मग एका पावसाळ्यात तेही गेले.

दादा दहाव्याला विमानानं आला, टॅक्सी करून घरी. आई ओट्यावर बसली होती. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मग त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं.

"गाडी नाही ना आणलीस?"

"नाही, आई."

"बरं केलंस." इतक्या दिवसांत तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "मग आता राहा."

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याचं परतीचं तिकीट पुढच्या शुक्रवारचं होतं, त्यानं मला फोनवर सांगितलं होतं. बाबांची जागा रिकामी होती, आणि आता बघणारी मीच उरले होते.

"विमानाचंही तसंच असतं गं, आई," मी म्हणाले. "तेही परत न्यावं लागतं."

आईनं दादाचा चेहरा हातांतून सोडला. मग म्हणाली, "मेलं विमान."