छोट्या विमानाचा फोन

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालासुद्धा नाही. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. जांभ्याच्या खाणीत चिरे काढून घर उभं केलं, कोणापुढे मान खाली घातली नाही. आता दमलोय. म्हणून लिहितोय — नाहीतर लिहिलं असतं का? माहीत नाही.

माझी नात वैदेही विमान चालवायला शिकली. लायसन मिळालं तेव्हा दोनशे तास उडून झाले होते. मला वाटलं, झालं! कसलं झालं? मोठ्या कंपन्या म्हणत, अजून तास आणा. तास आणायचे तर कोणीतरी विमान हाती द्यायला हवं — आणि ते देणार कोण? ज्याला त्याला आधी तासच हवेत. वर्षभर अर्ज करून पोर थकली, घरी येऊन बसली.

आणि मी वाडीत सांगत सुटलो होतो, नात मोठं विमान चालवते म्हणून. ती म्हणायची, "आबा, असं नका ना सांगू." मी म्हणायचो, चालवणारच आहेस, आज काय नि उद्या काय.

शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं — ह्या घरची लेक आभाळात विमान चालवते, तिची राखण कर. सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" वैदेही खाली बघत होती. ते मी बघितलं, आणि न बघितल्यासारखं केलं.

पालखी पुढच्या घरी निघाली, तिच्यामागून वैदेही गेली. तिचा फोन पडवीत चार्जिंगला होता. चहाला थांबलेल्यांत शेजारचा बापू. म्हणतो कसा, "काय रे धोंडू, नात महिनाभर घरातच हाय ती? इमान पंक्चर झालाय की काय?" सगळे हसले. तेवढ्यात फोन वाजला.

हिंदी बोलणारा माणूस. बारकी विमानं उडवणारी कंपनी, एक जागा अचानक रिकामी झालेली, सोमवारी हजर व्हायचं — मॅडम मोकळ्या आहेत का? मला सगळं समजलं. समजलं नाही असं म्हणायची सोय नाही. बापू कान देऊन बसला होता. मी मोठ्याने म्हणालो, "वो तो बडा विमान चलाती है. तुम्हारा छोटा नहीं चाहिए."

त्याने अभिनंदन केलं आणि फोन ठेवला.

वैदेहीने विचारलं, कोणाचा होता? मी म्हणालो, सिमवाल्याचा, प्लॅन बदला म्हणत होता. तेव्हाही खरं सांगता आलं असतं — उलटा फोन लावायला कितीसा वेळ लागतो? नाही सांगितलं. आठवड्याने तिला कळलं, तिच्याबरोबर शिकलेल्या मुलाला त्या कंपनीने घेतलं. "मला विचारलंसुद्धा नाही हो त्यांनी, आबा." मी जेवत होतो. जेवत राहिलो.

तो मुलगा आता खरोखरच मोठ्या विमानावर आहे. वैदेही विमानतळावर काउंटरला उभी राहून लोकांच्या बॅगांना पट्ट्या लावते. तिचे तास दोनशेच आहेत.

यंदाच्या शिमग्याला ती रजा काढून आली. गुरवाने तेच गाऱ्हाणं घातलं, त्याच्या तोंडात ते बसलंय. ती माझ्या शेजारी हात जोडून उभी होती. सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!"

मीही म्हणालो.